पोरकं किंवा जखमी रानपिल्लू हाती आलं तर

झाडाखाली पडलेलं खारीचं पिल्लू घरात आलं की पहिल्या पंधरा मिनिटांत कुणीतरी दूध कोमट करायला घेतं. नेमकं हेच करायचं नसतं. गार पडलेल्या पिल्लाची आतडी चालत नाहीत. पोटात गेलेलं दूध तिथेच पडून आंबतं, पोट फुगतं, आणि उपाशीपोटी आणखी काही तास तग धरला असता असं पिल्लू दुधामुळे रात्रीत जातं. क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, सगळ्यात शेवटी दूध.

परवान्याशिवाय वन्य प्राणी घरात ठेवणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि तो नियम योग्यच आहे. म्हणून घरी ज्याच्या हाती पिल्लू आलं आहे, त्याचं काम बचाव केंद्रात किंवा पशुवैद्याकडे पोचेपर्यंतचे तास नीट सांभाळणं एवढंच. त्यापुढचं दूध, पिंजरा, सोडणं हे परवानगी असलेल्या आणि केंद्राच्या देखरेखीखाली काम करणाऱ्यांसाठी लिहिलं आहे.

आधी पाहा, मग उचला

उचललेली कितीतरी पिल्लं मुळात पोरकी नसतातच. रानसशाचं पाहा. तो घरटं करत नाही. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना गवतात बसवून निघून जाते आणि दिवसातून साधारण एकदाच, बहुधा सूर्यास्तानंतर, पाजायला येते. उरलेला सगळा वेळ पिल्लू जागचं हलत नाही, कारण न हलणं हाच त्याचा बचाव. जखम नसेल, अंगावर माश्या घोंघावत नसतील, तर आल्या पावली परत फिरा. रस्त्यात बसलं असेल तर कडेच्या दाट गवतात ठेवा आणि निघा.

बिळात राहणाऱ्या सशांची पिल्लं उलट उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. तिथे आई येते की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. बिळाच्या तोंडावर चार बारीक काटक्या आडव्या-उभ्या ठेवा आणि दुसऱ्या सकाळी पाहा. काटक्या हललेल्या असतील आणि पिल्लांची पोटं गोल, भरलेली असतील तर आई येते आहे.

पंख फुटलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पाखरू उडायला शिकत असतं. मांजर-कुत्रं बांधा आणि त्याला राहू द्या. उघडं किंवा नुसत्या काड्यांसारखे पंख आलेलं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवायचं. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली त्याच फांदीला बांधून त्यात ठेवा. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. तिच्यापायी हजारो पिल्लं उगाच आईवेगळी झाली असतील.

खारीच्या बाबतीत आई-पिल्लाची गाठ पुन्हा घालून देणं बऱ्याचदा जमतं, कारण तिची एकाहून जास्त घरटी असतात. एक तुटलं की ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरते आणि दुसऱ्यात नेते. अट एकच, पिल्लू गरम हवं. गार पिल्लू ओरडत नाही, हलत नाही, आणि आई ते मेलं समजून सोडू शकते. त्यामुळे आधी त्याला पूर्ण ऊब द्या. मग उघड्या खोक्यात कापडाखाली गरम पाण्याची बाटली ठेवून खोकं त्याच झाडाच्या खोडाला दीड-दोन मीटर उंचीवर बांधा. पिल्लावर जाड पांघरूण घालू नका, आईला ते ओढून काढता येत नाही. माणसांनी लांब, शक्यतो घरात राहायचं. दिवसाउजेडी चार ते सहा तास वाट पाहा. दर दोन तासांनी बाटलीतलं पाणी बदला. अंधार पडायच्या आत आई आली नाही तर पिल्लू आत घ्या आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा एकदा ठेवून पाहा.

थेट उचलावं असे प्रसंग मोजके आहेत. मांजर किंवा कुत्र्यानं तोंडात धरलेलं, रक्त येणारं, अंगावर माशीची अंडी असलेलं, हाड उघडं पडलेलं, गार आणि लुळं, किंवा शेजारी आई मेलेली. केसाळ पिल्लू माणसाच्या पायाशी येऊन घोटाळत असेल तर तेही बहुतेक वेळा बराच काळ उपाशी असतं.

पकडणं

वटवाघूळ, मुंगूस, उदमांजर, कोल्हा, यांना उघड्या हातानं हात लावायचा नाही, मग ते कितीही लहान असो. रेबीजचा धोका या प्राण्यांत खरा आहे, आणि वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूणही दिसत नाही. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे लस घ्यायला जा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही. खारी-उंदरांमध्ये रेबीज अगदी क्वचित आढळतो, पण हातमोजे तरीही घाला. लेप्टोस्पायरा आणि साल्मोनेला हे जिवाणू, गजकर्णाची बुरशी, गोचिडी या गोष्टी लहान प्राण्यांकडून येतातच.

जमिनीवर पडलेलं वटवाघूळ जखमीच असतं असं नाही. बऱ्याच जातींना सपाट जमिनीवरून उड्डाण घेता येत नाही. जाड मोज्यांनी, कापडात धरून ते संध्याकाळी झाडाच्या खडबडीत खोडावर उंच टेकवलं की धडधाकट असेल तर चढून निघून जातं. काटेरी तारेत अडकलेलं असेल तर ओढू नका. पंखाचा पडदा फाटला की तो फाटतच जातो. त्याच्या दोन्ही बाजूंनी तार तोडा आणि तारेच्या तुकड्यासकट पशुवैद्याकडे न्या.

मोठी खार किंवा उंदीर पकडताना मागून जाऊन अंगावर जाड पंचा टाका, डोकं झाकलं जाईल असा, आणि गाठोड्यासारखं उचला. शेपटी कधीही धरू नका. खारी-उंदरांच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी सुटून हातात येते, आणि उघडं पडलेलं हाड मग कापावंच लागतं.

पुठ्ठ्याचं झाकणाचं खोकं सगळ्यात चांगलं. पिंजरा नको. जाळीतून प्राण्याला सगळं दिसतं, तो धडका मारतो आणि नाक फोडून घेतो. हवेची भोकं प्राणी आत ठेवायच्या आधी पाडून घ्या. पाण्याची वाटी ठेवू नका, ती सांडून प्राणी भिजतो. तळाला मऊ होजियरीचं किंवा फ्लीसचं कापड घाला. टर्किश टॉवेलच्या फासांत पिल्लांची नखं अडकतात, निघालेला दोरा पायाला गुंडाळला जाऊन पाय काळा पडतो. नंतर खोकं बंद आणि खोली शांत. झाकण उघडून बघणं, फोटो, शेजारच्या मुलांना दाखवणं, हे सगळं रानसशासारख्या प्राण्याला जीवघेणं ठरू शकतं. पकडल्याच्या भीतीनं त्याच्या स्नायूंची नासाडी होते, आणि वरून काहीही न दिसता तो काही तासांनी किंवा दिवसांनी मरतो.

नेमकी जागा आणि वेळ लिहून ठेवा. 'त्या रस्त्यावर कुठेतरी' एवढ्यानं भागत नाही. सोडताना ती जागा लागणार आहे.

ऊब

गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे फार तापलं तर पिल्लाला गार बाजूला सरकता येतं. विजेचं गादीपॅड असेल तर खोक्याच्या बाहेर, खाली, सर्वांत मंद आचेवर. खोक्याचं तापमान साध्या थर्मामीटरनं मोजा:

उघडं, गुलाबी पिल्लू: ३२ ते ३४ अंश सेल्सिअस
केस आलेलं, डोळे मिटलेलं: २७ ते २९ अंश
डोळे उघडलेलं: खोलीचं तापमान, पण एक कोपरा उबदार

उघड्या पिल्लांची कातडी उष्णतेनं सुकते आणि सुरकुतते. डबीत ओला स्पंज घालून, डबीच्या झाकणाला भोकं पाडून, उबेच्या बाजूला ठेवला की हवा दमट राहते. पिल्लू तापलंय का हे त्याच्या पोटाला बोट लावून कळतं. ते तुमच्या बोटापेक्षा किंचित गरम लागायला हवं. तोंड उघडून, हातपाय पसरून पडलं असेल तर ऊब जास्त झाली.

पाण्याची पिशवी दोनेक तासांत गार होते, आणि मग तीच पिल्लाची उष्णता शोषून घेते. रात्री पिशवी ठेवून झोपी जाणं ही नेहमीची चूक आहे.

डोक्याला मार लागलेल्या प्राण्याला मात्र ही जास्तीची ऊब द्यायची नाही. नाकातून रक्त, डोळ्यांच्या बाहुल्या कमी-जास्त, मान एका बाजूला, गोल गोल फिरणं, ही त्याची लक्षणं. उष्णतेनं मेंदूतली सूज वाढू शकते. त्याला फक्त थंडीपासून वाचवा, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवा, अंधार करा आणि पशुवैद्याकडे न्या. तोंडातून काहीही देऊ नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

पाणी

खांद्यांमधली कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर शरीरातलं पाणी कमी झालंय. दाट पिवळी किंवा तपकिरी लघवी, चिकट हिरड्या, खोल गेलेले डोळे यांचाही अर्थ तोच.

औषधाच्या दुकानात मिळणारं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. ते नसेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर ते अंगातलं उरलेलं पाणीही खेचून घेतं. पहिले दोन-तीन वेळचे घोट फक्त याचेच, तासा-दीड तासाच्या अंतरानं, थेंब थेंब. पिल्लू बेशुद्ध किंवा लुळं असेल, चोखत नसेल, तर तोंडातून नाहीच. त्याला कातडीखाली सलाइन लागतं आणि ते पशुवैद्याचं काम आहे.

बरेच दिवस उपाशी असलेल्या मोठ्या प्राण्यालाही एकदम पोटभर खायला घालायचं नाही. रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम अचानक खाली येतात, आणि हृदय थांबू शकतं.

दूध

गाईचं दूध नको. त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर जास्त, आणि खारीच्या दुधाच्या मानानं चरबी आणि प्रथिनं फारच कमी. जुलाब होतात, आणि उघडं पिल्लू जुलाबानं दिवसभरात संपतं. खारींसाठी कुत्र्याच्या पिल्लांची दूधपावडर वापरतात, एस्बिलॅक हे त्यातलं माहितीतलं नाव. एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी, माप घनफळाचं. गुठळ्या मोडून मिश्रण चार तास फ्रिजमध्ये ठेवलं की पावडर नीट फुगते आणि पोटाला सोपी जाते. केलेलं दूध २४ तासांनी फेका. उघडलेली पावडर फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यातली चरबी खवट होते. पाजताना लागेल तेवढंच दूध वाटीत घेऊन ती गरम पाण्यात धरा. मायक्रोवेव्हमध्ये एखादा थेंब उकळता राहतो आणि तोंड भाजतं.

ओआरएसवरून दुधावर टप्प्याटप्प्यानं यायचं. आधी एक भाग दूध आणि तीन भाग ओआरएस, मग अर्धं-अर्धं, मग तीन भाग दूध, मग पूर्ण दूध. प्रत्येक टप्पा दोन वेळच्या पाजण्यांचा, म्हणजे चारही टप्पे मिळून साधारण एक ते दीड दिवस. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे.

किती पाजायचं हे वजनावरून ठरतं. एका वेळी वजनाच्या ५ टक्के. ३० ग्रॅमच्या पिल्लाला १.५ मिली, ८० ग्रॅमच्याला ४ मिली. पिल्लू आणखी मागतं, सिरिंजला लटकतं, तरी थांबायचं. उघडी पिल्लं दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. केस आलेली दर तीन-चार तासांनी. डोळे उघडल्यावर चार-पाच तासांनी, रात्रीची पाळी बंद. वजनासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. रोज सकाळी पाजण्याआधी वजन घेऊन वहीत लिहा. दोन दिवस वजन जागचं हललं नाही तर काहीतरी बिघडलंय, पिल्लू कितीही खेळकर दिसो.

सिरिंज सुईशिवाय, १ मिलीची. मोठ्या पिल्लालाही ३ मिलीहून मोठी नको, दट्ट्या जरा दाबला तरी तोंडात पूर येतो. रबरी दट्ट्या जुना झाला की अडकत अडकत सरकतो आणि झटक्यानं जास्त दूध सुटतं. असा दट्ट्या दिसला की सिरिंज फेका. पुढे छोटं सिलिकॉनचं बोंडूक लावलं तर बरं. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर, पुढचे पाय कशावर तरी टेकलेले. माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं.

नाकातून दुधाचा बुडबुडा आला तर लगेच सिरिंज काढा, पिल्लाचं डोकं खाली करा, नाक पुसा, श्वास सरळ होईपर्यंत थांबा. पुढच्या दिवशी पिल्लाला कानाजवळ धरून ऐका. श्वासात टिकटिक किंवा कुरकुर ऐकू आली तर न्यूमोनिया सुरू झालाय, आणि अँटिबायोटिकशिवाय तो थांबत नाही. पाजण्याच्या चुकांमधली सर्वांत घातक चूक हीच, आणि ती जवळपास नेहमीच घाईमुळे होते. रात्री तीन वाजता झोपेत पाजणाऱ्यानं आपली चाल मुद्दाम अर्ध्यावर आणावी.

मिटल्या डोळ्यांच्या पिल्लांना आपणहून लघवी-शी करता येत नाही, आई चाटून करवते. तुम्ही प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली मिनिटभर हळुवार पुसा. डोळे उघडून आठवडा होईपर्यंत हे चालू ठेवायचं. पिवळट, आकार धरलेली शी उत्तम. पोट फुगून टणक झालं असेल तर दूध बंद, कंबरेपर्यंत कोमट पाण्यात धरून पोट हलकेच चोळा, मग कोरडं करून ऊब द्या. ओठांभोवती सुकलेलं दूध रोज पुसा, नाहीतर तिथले केस गळून जखम होते.

खारीची तीन-चार पिल्लं एकत्र असतील तर नरांचं लिंग रोज पाहत जा. भुकेली भावंडं एकमेकांचं लिंग चोखतात, ते सुजतं, लघवीची वाट बंद होते आणि पिल्लू दोन दिवसांत दगावतं. सूज दिसताच त्याला वेगळं करा आणि लघवी होतेय याची खात्री करा. याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून ते उशिरा लक्षात येतं.

रानसशाच्या पिल्लांची गोष्ट निराळी. हातानं वाढवलेली फार थोडी जगतात. आईचं दूध अतिशय दाट असल्यानं त्यांना दिवसातून दोनदाच पाजतात, आणि पोटातले जिवाणू बसेपर्यंत प्रत्येक दिवस जोखमीचा. ती शक्य तितक्या लवकर अनुभवी माणसाकडे द्या. चिचुंद्रीसारखे कीटक खाणारे इवले प्राणी याच्या उलट टोकाला. काही तास काही मिळालं नाही तर प्रौढसुद्धा मरतो, त्यामुळे खोक्यात किडे-अळ्या लगेच ठेवायला हव्यात.

जखमा

मांजराच्या तोंडातून सुटलेला प्राणी जखमीच धरायचा, कातडीवर काही दिसो वा न दिसो. मांजराचे दात सुईसारखी खोल भोकं करतात आणि त्यांतून पाश्च्युरेला नावाचे जिवाणू आत जातात. पहिल्या दिवसात अँटिबायोटिक मिळालं नाही तर दोन-तीन दिवसांत रक्तात विष पसरून मृत्यू येतो. औषध पशुवैद्यानंच ठरवावं. कारण सशाला तोंडावाटे पेनिसिलिन गटातलं औषध दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि औषधानंच तो जातो. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी 'थोडीशी' देणंही तितकंच धोक्याचं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉझ पाच मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून पाहिलं की साकळलेलं पुन्हा सुटतं. धुवायला मिठाचं पाणी, एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते चांगल्या पेशीही जाळतात. मोडलेल्या पायाला घरी काडी बांधू नका. चुकीच्या जागी बांधलेली काडी हाडाचं टोक कातडीतून बाहेर काढते. अरुंद खोक्यात ठेवून हालचाल रोखणं पुरेसं आहे.

माशीची अंडी तांदळाच्या कणीसारखी, पिवळट पांढरी, केसांना गुच्छानं चिकटलेली असतात. दिवसभराच्या आत त्यांतून अळ्या निघतात आणि जिवंत मांस खाऊ लागतात. बारीक चिमटा, उवांची फणी किंवा कोरडा टूथब्रश घेऊन डोळे, कान, तोंड, काखा आणि शेपटीखालची जागा नीट तपासा. एकही गुच्छ राहू देऊ नका. पिसवांसाठी कुत्र्या-मांजरांची पावडर लावू नका, इवल्या शरीराला तो डोस विषारी ठरतो. फणीनं काढा आणि अंथरूण रोज बदला.

उंदरांच्या चिकट सापळ्यात खार, पाल, पाखरू काहीही सापडतं. ओढलं तर कातडी निघते. आधी उरलेल्या गोंदावर कागदाचे तुकडे किंवा पीठ पसरा, म्हणजे आणखी अंग चिकटणार नाही. मग चिकटलेल्या कडेला खाद्यतेलाचे थेंब कापसानं लावत एकेक पाय सोडवा. तेल नाका-तोंडात जाऊ देऊ नका. सुटल्यावर लगेच पूर्ण अंग धुऊ नका. आधी ऊब आणि तासभर विसावा, मग सौम्य साबणाचं कोमट पाणी. तेलकट अंग उष्णता धरत नाही, तेव्हा पूर्ण सुकेपर्यंत उबेतच ठेवा.

फिकट हिरड्या, नाकातून किंवा शेपटीखालून रक्त येणं, हे उंदराच्या विषाचं लक्षण असू शकतं. त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उपाय आहे आणि तो आठवडे चालतो.

कणा मोडून मागचे पाय कायमचे गेले असतील, किंवा दोन्ही डोळे गेले असतील, तर पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देणं हा उपचाराचाच भाग समजावा. रानात परत जाऊ न शकणाऱ्या प्राण्याला पिंजऱ्यात वर्षानुवर्षं जिवंत ठेवणं हे आम्हाला दयेचं काम वाटत नाही.

वाढवणं

डोळे उघडले की दुधाबरोबर घन आहार सुरू होतो आणि इथे हाडं बिघडतात. दाणे, बिया, मका यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. ते मिळालं नाही तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. पिल्लू आधी सुस्त होतं, मग मागचे पाय ओढतं, उचललं की किंचाळतं, शेवटी झटके येतात. आवडतात म्हणून मूठभर शेंगदाणे देणाऱ्यांकडे हे हमखास होतं. मुख्य आहार उंदीरवर्गीय प्राण्यांच्या तयार वड्या, त्यांच्या जोडीला जातीनुसार रानातली पानं, कळ्या, सालीसकट फांद्या, किडे. दाणे दिवसाला एखादा. कुरतडायला माखलीचं (समुद्रातल्या एका प्राण्याचं) हाड ठेवा. दात आयुष्यभर वाढत असल्यानं लाकूड कायम हवं. रोज थोडं थेट ऊनही हवं, जीवनसत्त्व डी त्यातून तयार होतं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्ही-बी किरण जवळपास नसतात, ते ऊन धरायचं नाही. पिंजऱ्यात सावलीचा कोपरा असावाच.

एकट्या पिल्लाला त्याच जातीचं, त्याच वयाचं पिल्लू सोबतीला मिळवा. आपसांत भांडून, पळून ते जे शिकतं ते माणूस शिकवू शकत नाही. दूध सुटलं की बोलणं, कुरवाळणं, खांद्यावर घेणं बंद. पाळीव कुत्र्याशी मैत्री झालेली खार पुढच्या कुत्र्याजवळही तशीच जाते. पाजणारा एकच असावा, आणि नाव ठेवण्याचा मोह आवरावा.

सोडणं

सोडण्याआधी निदान दोन-तीन आठवडे बाहेरच्या मोठ्या पिंजऱ्यात काढायला हवेत. खारींना उंची लागते, दोन मीटर तरी. जाळी १२ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, नाहीतर साप आणि उंदीर आत येतात. तळाला जाळी किंवा फरशी. दार दुहेरी, म्हणजे आत जाताना कुणी निसटत नाही. आत खऱ्या फांद्या, वाळकी पानं, आणि लाकडी घरकुल: तळ २० बाय २० सेंमी, उंची ३५, भोक लहान खारींना ५ सेंमी आणि मोठ्यांना साडेसात. वाळकी पानं, तंतू नुसते तळाला टाका. ते उचलून घरकुलात भरणारी खार सोडायच्या वाटेवर आहे.

तारीख ठरवण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा. दूध सुटून काही आठवडे झालेत, वजन जातीच्या तरुण प्राण्याइतकं आहे, कवच फोडता येतं, अंगावर पाणी पडलं तर केस ते झटकतात, आणि मुख्य म्हणजे माणूस दिसताच ती पळून लपते. मोठ्या जातींच्या खारींत हे १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास येतं. अजूनही हातावर चढणारीला आणखी वेळ द्या आणि आपली ये-जा कमी करा.

प्रौढ प्राणी जिथे सापडला तिथेच सोडायचा. नव्या जागी त्याला ना लपायची जागा ठाऊक, ना पाणी, आणि तिथले त्याच्याच जातीचे प्राणी त्याला हाकलतात. पिल्लांना मात्र त्याच परिसरातली जागा निवडून देता येते: मोठी झाडं, ढोल्या, पाणी, मोकाट मांजरं कमी. पुढचे तीन दिवस पावसाचा अंदाज नसावा. दिवसा फिरणारे प्राणी सकाळी, निशाचर अंधार पडताना. कडाक्याच्या थंडीत किंवा अन्न नसलेल्या ऋतूत सोडायचं नाही, पिंजऱ्यातले महिने वाढले तरी चालतील.

दार उघडा आणि दूर व्हा. हुसकावू नका. काही लगेच जातात, काही तासभर उंबऱ्यावर बसून राहतात, एखादी दुसऱ्या दिवशी निघते. पिंजऱ्याचं दार आणि घरकुल दोन आठवडे तसंच उघडं ठेवा. अन्न पहिल्या आठवड्यात रोज, पुढे एक दिवसाआड, मग कमी करत तीन-चार आठवड्यांत बंद. ते जमिनीवर ठेवू नका, मांजरं तिथे टपून बसतात. संध्याकाळी उरलेलं उचला, नाहीतर उंदीर येतात. एखादी लंगडताना किंवा अंग फुगवून बसलेली दिसली तर पिंजऱ्यात खाणं ठेवून तिला परत आत घेता येतं. दार उघडं ठेवायचं ते यासाठीही.